मेरुरज्जूची दुखापत, कॅलिपर आणि चालण्याचे पुनर्वसन : महाराष्ट्रातील वाटचाल व औंढा नागनाथ परिसराचा संदर्भ

प्रस्तावना

‘स्वतःच्या पायावर उभे राहणे’ हा मराठीतील वाक्प्रचार स्वावलंबन या अर्थाने रूढ आहे. चालू लागणाऱ्या मुलाला आधार देणाऱ्या लाकडी गाड्याला ‘पांगुळगाडा’ म्हणतात. पहाटे दान मागत फिरणारा ‘पांगुळ’ हा महाराष्ट्राच्या लोकसंस्कृतीतील परिचित भिक्षेकरी असून संतांनी त्याच्यावर रूपके रचली आहेत. चालणे म्हणजे स्वावलंबन आणि न चालणे म्हणजे परावलंबन, हे समीकरण समाजमनात किती खोलवर रुजले आहे, याची कल्पना या शब्दांवरून येते. पाठीच्या कण्याला मार लागून दोन्ही पायांतील बळ व संवेदना गेलेल्या व्यक्तीच्या बाबतीत या समीकरणाची खरी परीक्षा होते. तिला पुन्हा चालविणे हेच पुनर्वसन मानावयाचे, की चालता न येताही तिला स्वतंत्रपणे जगता येणे यास पुनर्वसन म्हणावयाचे, हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच समाजेतिहासाचाही आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाची उत्तरे प्रामुख्याने पुणे व मुंबई येथील संस्थांमधून घडत गेली. परंतु ज्यांना त्या उत्तरांची गरज होती, त्यांपैकी फार मोठा वर्ग ग्रामीण भागात राहत होता. मराठवाड्यातील औंढा नागनाथसारख्या तालुक्याच्या दृष्टीने पाहिले असता या इतिहासातील उपलब्धी व उणिवा अधिक स्पष्ट होतात. प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) मेरुरज्जू दुखावलेल्या व्यक्तींच्या पुनर्वसनाची महाराष्ट्रातील संस्थात्मक वाटचाल मांडणे.
२) पायांना आधार देणाऱ्या कॅलिपर या साधनाची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.
३) ग्रामीण मराठवाड्याच्या भौगोलिक व सामाजिक परिस्थितीत चालण्याच्या उद्दिष्टाचा अर्थ शोधणे.

दुखापतीचे स्वरूप

बोलीभाषेत ‘मणका मोडला’ असे म्हटले जाते. परंतु मणका मोडणे आणि मणक्यांच्या पोकळीतून जाणारा मेरुरज्जू दुखावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हाड जुळते, मेरुरज्जूची हानी मात्र सहसा भरून येत नाही. मानेच्या भागात दुखापत झाल्यास हात व पाय दोन्ही निकामी होतात. छाती वा कमरेच्या भागात झाल्यास हात शाबूत राहून कमरेखालचे शरीर लुळे पडते. या दुसऱ्या अवस्थेस वैद्यकात पॅराप्लेजिया आणि मराठीत अधरांगघात म्हणतात. यात केवळ पायांची हालचाल जात नाही, तर स्पर्श, वेदना, तसेच मलमूत्रावरील नियंत्रणही जाते. या शेवटच्या बाबीकडे बाहेरच्या माणसाचे लक्ष जात नाही. परंतु रुग्णाचे आयुष्य किती टिकेल हे बहुधा तीच ठरविते.

भारताच्या ग्रामीण भागात या दुखापतींच्या कारणांमध्ये उंचावरून पडणे हे कारण ठळक आहे. झाडावर चढणे, कठडा नसलेली विहीर, घराचे धाबे, बांधकामाची परांची, डोक्यावर जड ओझे असताना तोल जाणे या नित्याच्या प्रसंगांतून ती घडते. रस्त्यावरील वाहनांचे अपघात हे दुसरे मोठे कारण होय. जखमी व्यक्ती बहुधा कमावत्या वयातील पुरुष असते. त्यामुळे एका कण्याच्या दुखापतीबरोबर संपूर्ण कुटुंबाची अर्थव्यवस्था कोलमडते.

जागतिक पार्श्वभूमी

प्राचीन इजिप्तमधील वैद्यकीय लेखनात मानेच्या मणक्याच्या अशा दुखापतीची गणना उपचार न करण्याजोग्या व्याधींत केलेली आढळते. ही धारणा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत फारशी बदलली नाही. पहिल्या महायुद्धात मेरुरज्जू दुखावलेल्या सैनिकांपैकी बहुसंख्य मूत्रमार्गाचा संसर्ग आणि अंथरुणातील जखमा यांमुळे थोड्याच काळात दगावले. हे चित्र पालटण्याचे मोठे श्रेय डॉ. लुडविग गुटमन यांना दिले जाते. नाझी राजवटीतून १९३९ मध्ये इंग्लंडला आलेल्या या ज्यू चेताशल्यविशारदाने १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडव्हिल येथे मेरुरज्जू दुखापतीचे स्वतंत्र केंद्र सुरू केले. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे, मूत्राशयाची निर्जंतुक निगा, व्यायाम, काम आणि खेळ हे त्यांच्या पद्धतीचे घटक होते. २९ जुलै १९४८ रोजी तेथे भरविण्यात आलेल्या स्पर्धांतून पुढे पॅरालिंपिक चळवळ उभी राहिली. तेथेही रुग्णांना कॅलिपर बांधून चालविले जात असे, परंतु चालणे हे अनेक उद्दिष्टांपैकी एक होते.

महाराष्ट्रातील संस्थात्मक पाया

महाराष्ट्रात अपंग पुनर्वसनाची सुरुवात सैनिकांपासून झाली. पहिल्या महायुद्धातील जायबंदी भारतीय सैनिकांना व्यवसायशिक्षण देण्यासाठी १९१७ मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. ती पुढे पुण्याजवळील खडकी येथे स्थिरावली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्राची स्थापना झाली. हे केंद्र नंतर नागरिकांसाठीही खुले झाले. कृत्रिम हातापायांबरोबरच आधार देणारी साधने बनविण्याचे कसब या केंद्रामुळे येथे रुजले.

स्वातंत्र्यानंतर नागरी रुग्णांसाठीच्या संस्था मुंबईत उभ्या राहिल्या. मूळच्या अमेरिकन असलेल्या आणि विवाहानंतर महाराष्ट्राशी एकरूप झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. भौतिकोपचाराचे शिक्षणही त्याच दशकाच्या प्रारंभी तेथे सुरू झाले. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने हाजी अली येथे जी पुनर्वसन संस्था सुरू झाली, तीच आजची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था होय. डॉक्टर, भौतिकोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ, समाजकार्यकर्ता आणि कॅलिपर बनविणारा कारागीर यांनी एका रुग्णाचा एकत्रित विचार करावा, ही कल्पना या संस्थेने रूढ केली.

१९७१ च्या युद्धानंतर लष्करासमोर मेरुरज्जू दुखावलेल्या जवानांच्या आयुष्यभराच्या निवासाचा प्रश्न उभा राहिला. १९७४ मध्ये खडकी येथे अशा जवानांसाठी स्वतंत्र पॅराप्लेजिक केंद्र सुरू झाले. रुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतर पुढे काय, या प्रश्नाला राज्यात मिळालेले हे एक महत्त्वाचे संस्थात्मक उत्तर होते. मात्र ते गणवेशातील माणसासाठी होते. झाडावरून पडलेल्या शेतमजुरासाठी तशी सोय नव्हती.

कॅलिपर : पोलिओकडून उसने घेतलेले साधन

‘कॅलिपर’ हा शब्द भारतात ब्रिटिश अस्थिवैद्यकातून आला. लिव्हरपूल येथील एकोणिसाव्या शतकातील अस्थिवैद्य ह्यू ओवेन थॉमस यांच्या पायाच्या आधारपट्टीशी या साधनाचे मूळ निगडित आहे. जुन्या पद्धतीच्या लांब कॅलिपरमध्ये पायाच्या दोन्ही बाजूंना धातूच्या उभ्या पट्ट्या, मांडी व पोटरीभोवती कातड्याचे पट्टे, गुडघ्याशी उभे राहताना बसणारे व बसताना उघडणारे कुलूप आणि तळाशी जोडलेला बूट असे भाग असतात. कमरेवरील ताबाही गेला असल्यास वर कंबरपट्टा जोडला जातो. पुढील काळात साच्यावर घडविलेल्या हलक्या प्लॅस्टिकची साधने प्रचारात आली.

भारतातील कॅलिपरनिर्मितीचा विस्तार मुख्यतः पोलिओमुळे झाला, ही बाब येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कानपूर येथील भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम ही सरकारी कंपनी १९७२ मध्ये स्थापन झाली व १९७६ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. १९८१ पासून केंद्र शासनाने साधन-वाटपाची योजना राबविली. शिबिर भरवावे, मापे घ्यावीत व काही दिवसांनी कॅलिपर द्यावेत, ही पद्धत पोलिओग्रस्त मुलांसाठी बऱ्याच अंशी उपयोगी ठरली.

परंतु पोलिओग्रस्त आणि मेरुरज्जू दुखावलेली व्यक्ती यांच्यात मूलभूत फरक आहे. पोलिओत स्नायूंचे बळ जाते, संवेदना जात नाही. कॅलिपरचा पट्टा घासला तर मूल लगेच सांगते. मेरुरज्जू दुखावलेल्या व्यक्तीला तो घासल्याचे समजतच नाही; संध्याकाळी साधन काढल्यावर जखम दिसते आणि ती भरून येण्यास कित्येक महिने लागू शकतात. पोलिओत मूत्राशयावरील ताबा सामान्यतः कायम राहतो, येथे तो जातो. पोलिओ झालेले मूल लहान वयात साधनासह वाढते; येथे मात्र प्रौढ शरीराचे संपूर्ण वजन अकस्मात दोन हातांवर येते. त्यामुळे एकाच नावाचे साधन दिले तरी त्यामागील प्रशिक्षण व देखरेख सर्वस्वी वेगळी असावी लागते. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताचा समावेश असलेला जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. तथापि, शिबिरातून साधन देण्याची पोलिओकालीन चौकट मेरुरज्जूच्या रुग्णांना पुरेशी नाही, हा विचार त्या प्रमाणात पुढे आला नाही.

चालण्याचे प्रशिक्षण व त्याच्या मर्यादा

चालण्याचे प्रशिक्षण कॅलिपर बांधण्याच्या फार आधी सुरू होते. प्रथम अंथरुणात कूस बदलणे, सांधे आखडू न देणे, नंतर आधाराशिवाय बसणे, हातांवर शरीर उचलणे, कलत्या फळीवर हळूहळू उभे राहणे, मग दोन समांतर दांड्यांमध्ये कॅलिपर लावून तोल सांभाळणे आणि शेवटी कुबड्यांवर चालणे असा त्याचा क्रम असतो. दोन्ही कुबड्या पुढे टेकवून शरीर झोक्यासारखे पुढे नेणे, किंवा कुबडी व पाय आळीपाळीने पुढे टाकणे, अशा चालण्याच्या निरनिराळ्या पद्धती शिकविल्या जातात. पडल्यावर स्वतः उठणे, पायरी चढणे व उतरणे हाही त्याचाच भाग होय. हे काम आठवड्यांचे नव्हे, तर महिन्यांचे असते.

किती चालता येईल हे मुख्यतः दुखापतीच्या पातळीवर आणि ती संपूर्ण आहे की अंशतः, यावर अवलंबून असते. दुखापत संपूर्ण असून छातीच्या वरच्या वा मधल्या भागात असल्यास कॅलिपरवरील चालणे व्यायामापुरते राहते. छातीच्या तळाशी किंवा कमरेच्या वरच्या भागात असल्यास घरातल्या घरात चालणे साधू शकते. कमरेच्या खालच्या भागात असून मांडी पुढे उचलता येत असेल व गुडघा ताठ करता येत असेल, तर घोट्यापुरत्या आखूड आधारावर गावात हिंडणे शक्य होते. लांब कॅलिपरवर झोक्याने चालताना प्रत्येक अंतरामागे सामान्य माणसाच्या कित्येक पट ऊर्जा खर्च होते आणि गतीही फार कमी राहते. यामुळेच प्रशिक्षण पूर्ण केलेले अनेक रुग्ण काही काळाने कॅलिपर बाजूला ठेवून चाकाची खुर्ची स्वीकारतात, असे जगभर आढळून आले आहे.

असे असले तरी उभे राहणे निरुपयोगी ठरत नाही. सांधे आखडण्यास त्यामुळे आळा बसतो, बैठकीवरील दाब काही काळ कमी होतो आणि समोरच्या माणसाच्या नजरेला नजर देऊन बोलता येते. यांतील शेवटचा लाभ कोणत्याही तपासणीत मोजता येत नाही, परंतु रुग्णाच्या लेखी त्याचे मोल मोठे असते.

उद्दिष्टातील बदल

चालणे आणि स्वावलंबन यांची फारकत महाराष्ट्रात केवळ वैद्यकीय लेखनातून झाली नाही. ती काही व्यक्तींच्या जीवनातून लोकांसमोर आली. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले जवान. कमरेखालचे बळ गेल्यानंतर त्यांनी पोहण्याचा सराव केला आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर मुक्त शैलीच्या जलतरणात सुवर्णपदक मिळविले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक होय. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या यशाची शासकीय दखल घेण्यास लागलेला चार दशकांहून अधिक काळ समाजाच्या दृष्टिकोनाविषयी पुरेसे सांगून जातो.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे उदाहरण वेगळ्या अर्थाने महत्त्वाचे आहे. किशोरवयात पायांचे बळ गेल्यानंतर त्यांनी शिक्षण व नोकरी केली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ या संस्थेच्या उभारणीत पुढाकार घेतला. त्यांचे आत्मकथन ‘चाकाची खुर्ची’ या नावाने प्रसिद्ध झाले. पराभवाचे चिन्ह समजली जाणारी वस्तू त्यांनी पुस्तकाच्या शीर्षस्थानी ठेवली, ही मराठी वाचकाच्या दृष्टीने लहान घटना नव्हती. मुंबईत डॉ. केतना मेहता यांनी २००१ मध्ये स्थापन केलेल्या नीना फाउंडेशनने मेरुरज्जू दुखापतग्रस्तांचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला. अपंगत्वाच्या सर्वसाधारण वर्गीकरणात या गटाच्या गरजा झाकोळल्या जात होत्या, त्या यामुळे पुढे आल्या.

मराठवाड्याचे अंतर

वरील बहुतेक संस्था पश्चिम महाराष्ट्र व मुंबई येथील आहेत, हा योगायोग नाही. १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले, तेव्हा औंढा नागनाथ हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात होते. १९५५ मध्ये हाजी अलीची संस्था सुरू झाली, तेव्हाही मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला. म्हणजेच पुनर्वसनाच्या पायाभूत संस्था उभ्या राहत असताना मराठवाडा प्रशासकीयदृष्ट्या त्यांच्या कक्षेबाहेर होता. औरंगाबाद येथे १९५६ मध्ये, अंबाजोगाई येथे १९७४ मध्ये आणि नांदेड येथे १९८८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली. त्यामुळे शस्त्रक्रियेची सोय जवळ आली. महिनोन्‌महिने चालणाऱ्या पुनर्वसनाची मात्र त्याच प्रमाणात आली नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने ही उणीव तीव्रतेने जाणवून दिली. दगडमातीच्या जाड भिंती व मातीचे जड धाबे झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि त्याहून अधिक जखमी झाली. अशा घरांखाली दबलेल्या व्यक्तीचा कणा दुखावण्याचा धोका मोठा असतो. ढिगाऱ्यातून ओढून काढताना कण्याला हिसका बसला, तर अंशतः झालेली दुखापत संपूर्ण होऊ शकते. हा धडा केवळ भूतकाळापुरता नाही. २०२४ मध्ये मार्च व जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात सुमारे ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. जखमीला ताठ फळीवर, मान व कणा न वाकविता हलविण्याचे साधे शिक्षण गावपातळीवर देणे हे पुनर्वसनाचे पहिले पाऊल ठरते.

औंढा नागनाथ परिसर व चालण्याचा प्रश्न

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला आणि औंढा नागनाथ हा त्यातील एक तालुका झाला. यादवकालीन शिल्पसमृद्ध मंदिर, नागनाथाचे ज्योतिर्लिंग आणि संत नामदेव व विसोबा खेचर यांच्या भेटीची परंपरा यांमुळे हे स्थान प्रसिद्ध आहे. मंदिराचा गाभारा मुख्य पातळीच्या खाली असून तेथे अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावे लागते. चाकाच्या खुर्चीला तेथे वाट नाही, आणि दोन लांब कॅलिपर बांधलेल्या माणसालाही ती उतरण दुसऱ्याच्या आधाराशिवाय साधणारी नाही. प्राचीन वास्तूची रचना बदलता येत नाही. परंतु प्रांगणापर्यंत उताराची वाट, बसण्याची जागा व गाभाऱ्याचे दृश्य पडद्यावर दाखविण्याची सोय यांसारखे उपाय वास्तूला धक्का न लावता करता येण्याजोगे आहेत.

दैनंदिन जीवनातील अडचणी याहून अधिक बिकट आहेत. काळ्या मातीच्या पाऊलवाटेत पावसाळ्यात चाक रुतते व कुबडीचे टोकही रुतते. घराला उंबरठा, ओट्याला पायऱ्या आणि शौचालयाचे दार अरुंद असते. शहरात घडलेला ‘चाकाची खुर्ची अधिक व्यवहार्य’ हा निष्कर्ष सपाट फरशी गृहीत धरतो. ती गावात असतेच असे नाही. त्याचप्रमाणे ‘कॅलिपर बांधून चालवा’ हा आग्रह बलवान हात, महिन्यांचे प्रशिक्षण व नियमित दुरुस्ती गृहीत धरतो. तेही गावात सहज मिळत नाही. म्हणून येथे एकाची निवड करून भागत नाही. घरातल्या चार पावलांसाठी व उभे राहण्यासाठी कॅलिपर, गावात फिरण्यासाठी हाताने चालविण्याची तीनचाकी आणि शेतीऐवजी बसून करता येण्याजोगा व्यवसाय, असा मेळ घालावा लागतो.

अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्याने आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यता व पुनर्वसन यांना कायदेशीर आधार दिला. २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला. २०२४ मध्ये हिंगोली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रारंभ झाला. पुनर्वसन वैद्यकाचा विभाग, कॅलिपर दुरुस्तीची कार्यशाळा आणि घरी जाऊन पाहणी करणारे पथक ही जोड त्यास मिळाल्यास औंढ्याच्या रुग्णाला पुण्यामुंबईकडे पाहण्याची गरज बऱ्याच अंशी कमी होईल.

निष्कर्ष

१) महाराष्ट्रात मेरुरज्जू दुखापतग्रस्तांच्या पुनर्वसनाची सुरुवात सैनिकी व महानगरी संस्थांतून झाली. मराठवाडा १९५६ पर्यंत वेगळ्या राज्यात असल्याने या पायाभरणीपासून दूर राहिला.

२) भारतातील कॅलिपर-वाटपाची पद्धत पोलिओच्या गरजेतून घडली. संवेदना गेलेल्या रुग्णाला प्रशिक्षण व देखरेखीविना तेच साधन देणे अपुरे आणि प्रसंगी घातक ठरते.

३) ‘पुन्हा चालणे’ या एकमेव उद्दिष्टाकडून ‘स्वतंत्रपणे जगणे’ या व्यापक उद्दिष्टाकडे झालेला बदल योग्य आहे. तथापि, ग्रामीण भूभागात उभे राहण्याची व थोडे चालण्याची क्षमता आजही मोलाची आहे.

४) रुग्णाने पायरी चढण्यास शिकावे या अपेक्षेइतकीच पायरीशेजारी उतार बांधण्याची जबाबदारी ग्रामपंचायत, देवस्थान, शाळा व महाविद्यालय यांची आहे. तालुकापातळीवरील महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील अशा व्यक्तींची नोंद, त्यांच्या घरांची पाहणी आणि साधनांच्या वापराचा मागोवा हे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून हाती घेतल्यास शासकीय योजनांना आवश्यक असलेली स्थानिक माहिती उपलब्ध होईल, आणि शिबिरात मिळालेले कॅलिपर घरात वापरले जाते की खुंटीला टांगून राहते, हेही समजू शकेल.